मागे बसून पाटे ठरवणारे लिंबाजीमामा

लिंबाजीमामा मिस्त्री यांच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात मोठमोठ्या मंडळींनी लिहिलं आहे. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून जुनी पिकअप चालवणारा माणूस. मामांची नि माझी ओळख भांडणातून झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे ओझं झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगपट्ट्या, दबून गेले होते. माल भरला की गाडी बूड टेकलेल्या म्हशीसारखी दिसायची. तेलगावच्या एका घरचा कापूस जिनिंगला न्यायचा होता. त्या घरात एक मुलगी आहे. तिचं नाव इथं छापणं बरं नाही. तिच्या वडिलांसमोर गाडीनं माझी लाज काढू नये, एवढंच डोक्यात होतं. मामांना म्हणालो, ट्रकचे जाड पाटे टाका, आजच.

"जाताना कापूस. येताना काय?" मामांनी विचारलं.

"येताना रिकामी."

"रिकामी कशी? माणसं बसतेत न्हवं? बस मागं, पाली गावापर्यंत जाऊन येऊ. मंग ठरवू."

मामांचा हा रिवाज बीडच्या गाडीवाल्यांना ठाऊक आहे. पाटे बदलण्याआधी ते मालकाला मागच्या हौद्यात बसवतात आणि गाडी स्वतः चालवतात. मला तो अपमान वाटला. "तुमी पाटे बसवता का शाळा घेता?" असं बोलून मी दुसरीकडे गेलो आणि जाड पाटे टाकून घेतले. त्यांच्याकडून निघताना मामा इतकंच म्हणाले होते, "जा बे. वझं उचलायला पाटा लागतो, तसा माणूस उचलायलाबी लागतो."

कापसाखाली गाडी भिंतीसारखी उभी राहिली. तिचे वडील खूश झाले आणि कपिलधारला दर्शनाला जायला त्यांनी माझीच गाडी सांगितली. हौद्यात ते, तिची आई, ती आणि दोन मावश्या. उतारावर एका वळणाला खड्डा आला. एवढ्याशा वजनानं ते पाटे दबलेच नाहीत. मागची चाकं उडाली आणि गाडी आडवी सरकली. ब्रेक दाबला तशी आणखी सरकली. थांबली तेव्हा मागचं चाक कडेच्या दगडाला टेकलं होतं आणि दगडापलीकडे काही नव्हतं. तिच्या आईच्या कपाळातून रक्त येत होतं. वडील आधी उतरले. त्यांनी एकेकीला हात देऊन उतरवलं आणि सगळे पायी चालू लागले. तिनं एकदा वळून पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी टोमणे ऐकायची तयारी ठेवून मामांकडे गेलो. त्यांनी वाकून पाटे पाहिले आणि विचारलं, "कुणाला लागलं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "बस मागं."

पालीपर्यंत दोनदा माझी जीभ दाताखाली आली. परत आल्यावर मामांनी विचारलं, "आता कोणते टाकू?"

"तुमी म्हणाल ते."

"मी न्हाई. मागं बसलेलं माणूस म्हणंल ते."

जाड पाटे काढून त्यांनी गाडीच्याच मापाचे लावले आणि सगळ्यात खाली एक सपाट पाटा ठेवला. गाडी रिकामी असली की तो गप पडून असतो. ओझ्यानं कमान दबली की मगच आधाराला येतो. "नि वझं हिला झेपंल तेवढंच. कुणाला दाखवायला न्हाई." कुणाला ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मग हात पुसून मामा स्वतःच हौद्यात चढले. "चल तेलगावला."

"मामा, पुढं बसा. कंबर मोडंल."

"कावून? पाटे मीच निवडलेत ना?"

तेलगावपर्यंत माझा एक डोळा आरशात होता. प्रत्येक खड्ड्याआधी मी गाडी हळू करत होतो. तिच्या दारात मामा सावकाश उतरले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरगं लई भडक डोक्याचं हाय. गाडी मात्र आता नीट हाय. मी मागं बसून आलो."

वडिलांनी वाकून पाटे पाहिले. मग त्यांनी मामांसाठी बाज टाकली. कपाळाला पट्टी बांधलेल्या तिच्या आईंनी पाणी आणलं, मलाही दिलं. "हंगाम सरला की बोलू," वडील म्हणाले. मी न बोललेली सोयरीक त्यांनी ओळखली होती. होकार नाही, नकारही नाही. हंगाम अजून सरायचा आहे.

मामांना ठणठणीत शंभरी लाभो, कंबर शाबूत राहो आणि माझ्यासारख्या अनेक तापट मालकांना त्यांनी हौद्यात बसवत राहावं. तेलगावचं उत्तर कसंही असो, ते ऐकायला जाताना मात्र मामांनी पुढे बसावं. त्या दिवशी मला शेजारी कुणीतरी लागेल.