वरच्या खोलीतला दोस्त

मी खोटं बोलत नाही, वाढवून बोलतो. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत हे सगळ्यांना माहीत आहे. चौपाटीवर देवमासा पाहिला म्हटलं, की ऐकणारे मनातल्या मनात त्याचा बोंबील करून घेतात. पिण्याच्या बाबतीत मात्र मी उलटा कंजूष. "एकच घेतली" म्हणायचो आणि चपलांच्या रॅकला मिठी मारून झोपायचो.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते ना, तिथे जा. नाहीतर मी लेकीकडे जाते, आणि या वेळी परत येत नाही." ओरडली असती तर सवयीने कानाआड केलं असतं. हळू बोलली म्हणून घाबरलो.

फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "रविवारी सकाळी या. परळला चाळींच्या मधोमध जुना हॉल आहे. खुर्च्या मांडलेल्या असतील, चहा असेल. लाजू नका." पुढेही काही सांगत होता, पण मी लाजून फोन ठेवला होता.

हॉल सापडला. खात्री करून घ्यायची तर कुणाला तरी विचारायला हवं होतं, पण "दारुड्यांची मीटिंग हीच का?" हे विचारायला आख्ख्या परळात मला एक चेहरा पसंत पडेना. आत खुर्च्या होत्या, चहा होता. माणसं गप्प, बहुतेक पांढऱ्या कपड्यांत. वाटलं, सोडलेले लोक असेच धुऊन काढल्यासारखे दिसत असतील. एका जाड खांबामागे जाऊन बसलो.

एक जण माइकवर म्हणाला, "माणूस लाखाचा. दारूने नेला." काय रोखठोक मंडळी! दुसरा म्हणाला, "यातून आपण काही शिकणार की नाही?" मी मान हलवली. इतकी हलवली की सूत्रसंचालन करणाऱ्याला दिसली.

"मागचे काका, या पुढे. दोन शब्द बोला."

माइक हातात आला आणि खांबाने लपवलेलं सगळं समोर आलं. हार घातलेला फोटो, मेणबत्त्या, फुलं. एका बौद्ध कुटुंबातला जलदान विधी आटोपून शोकसभा चालू होती, आणि अशा सभेत वारलेल्याच्या ओळखीचा जो कोणी येतो, तो उठून चार शब्द बोलतो. माझी ओळख एवढीच, की फोटोतला माणूस माझ्याहून तरुण होता.

"माफ करा, चुकलो" एवढंच म्हणून खाली यायचं होतं. प्यायलेलो असतो तर दोष बाटलीवर ढकलला असता. पण मी पूर्ण शुद्धीत होतो, ते आजही टोचतं. समोर एवढी माणसं, हातात माइक. तोंडातून निघालं, "आम्ही रविवारी भेटायचो. शेजारी शेजारी बसायचो." मग सुटलोच. त्याचं हसणं, त्याचा दिलदारपणा, स्वतःचा चहा दुसऱ्यापुढे सरकवण्याची त्याची सवय. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही रडलो. इतका चांगला मित्र गेल्यावर कोण रडणार नाही?

बोलून वळलो तर त्याची बायको चहाचा कप घेऊन उभी.

"दादा, तुम्ही वरचे ना?"

"वरचे?"

"जिन्यावरच्या खोलीतले. दारूच्या मीटिंगचे. रविवारी म्हणालात, त्यावरून ओळखलं." तिने आवाज खाली आणला. "हे दर रविवारी सांगायचे, जाऊन आलो. मी एकदा वर विचारायला गेले. ते लोक सांगत नाहीत, कोण येतं ते. खरंच यायचे का हो?"

म्हणजे मी फक्त मजला चुकलो होतो.

"यायचे," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले, लांब श्वास सोडला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तिने विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे?"

"नेहमी! म्हणायचे, तिच्यामुळे घर उभं आहे. मी तिला फार त्रास दिला. बोलताना डोळे पुसायचे."

वाटलं, तिला बरं वाटेल. ती फोटोकडे बघत राहिली.

"तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "परक्यांना. मला एकदा तरी सांगायचं होतं ना यांनी."

कप माझ्या हातात देऊन ती बायकांत जाऊन बसली.

मी जिना चढलो. खोलीत आठ-दहा माणसं होती. मी दारातूनच विचारलं, "खाली ज्याची शोकसभा चाललीय, तो इथे यायचा का?"

"ते आम्ही कुणालाच सांगत नाही," त्यांच्यातला एक म्हणाला. "तुम्ही आलात, हेही कुणाला सांगणार नाही. बसा."

बसलो. अजून दर रविवारी बसतो. बायको लेकीकडे गेली नाही. पण तो माणूस खरंच यायचा का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या बायकोला मी थाप मारली, की थाप मारताना चुकून खरं बोलून गेलो, कोण सांगणार?

काही महिन्यांनी मन घट्ट करून तिची चाळ शोधत गेलो. खोलीला कुलूप. शेजारचे आजोबा म्हणाले, "चाळ पाडणार ना आमची. त्यांनी आधीच खोली सोडली. वडाळ्याला गेली का शीवला, काय म्हायत. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही, सहज," म्हणालो.

शोधली तर सापडेलही. पण तिला काय सांगू? "मी तुमच्या मिस्टरांना ओळखतच नव्हतो" म्हटलं, तर त्याने परक्यांपाशी मन मोकळं केल्याचा तिचा राग जाईल. पण नवरा रविवारी खरंच मीटिंगला जायचा, हा तिला मिळालेला दिलासाही त्याच वाक्यात जाईल. एक घेऊन दुसरं ठेवता येत नाही. कधी शीव कोळीवाड्याच्या बाजूला जाणं झालं, तर मी भाजी घेणाऱ्या बायकांचे चेहरे बघत चालतो, आणि ती दिसू नये असंही वाटत राहतं.