मोरिता-सानची धाकटी

मोरिता-सान आज सकाळी गेल्या.
आणि मी त्यांच्याशी शेवटच्या भेटीपर्यंत खोटं बोलले.

इथे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे बोलायची हिंमत नाही.

इथे जपानमध्ये, ग्योतोकुला, आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. भाची ओसाकाला. आमच्यामध्ये लाकडी कुंपण, आणि कुंपणाखाली वीतभर फट.
त्या फटीतून दोन कासवं ये-जा करायची.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात एक माझ्या तुळशीच्या कुंडीपाशी येऊन बसलं. मी किंचाळले.
पलीकडून मोरिता-सान म्हणाल्या, "घाबरू नका. तिला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटतेय."

खरंच होतं ते. या जातीच्या कासवांना पोटाखाली बिजागरी असते. घाबरली की डोकं-पाय आत, आणि डब्याला झाकण लावावं तशी घट्ट बंद.
कुणीतरी हौसेनं पाळून मग सोडून दिलेली असणार. मोरिता-सानकडे अठरा वर्षं येत होती.

मी त्यांची नावं ठेवली, थोरली आणि धाकटी.
'थोरली' मोरिता-सानना कधी जमलं नाही. 'धाकटी'चं त्यांनी 'दाकुती' केलं.

सकाळी तिकडे स्ट्रॉबेरी, इकडे काकडी. दोन्ही घरी जेवून दोघी टुम्म. माझी मुलगी ईरा शाळेत जाताना मला विसरायची, पण कासवांना "इत्तेकिमास", जाऊन येते, म्हणून जायची.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मोरिता-सान पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून थेट केअर होममध्ये.
मी भेटायला गेले तर स्वतःच्या पायाचं एक अक्षर नाही.
"तुमच्या अंगणातली पानं उचलू नका. त्या पानांखाली झोपतात दोघी. मी वसंतात घरी येईन तेव्हा उठतील."
मी हो म्हणाले. चक्क त्यांचा हात हातात धरून हो म्हणाले.

डिसेंबरात वर्षअखेरच्या साफसफाईला अख्खी गल्ली दारं-खिडक्या घासत होती. आमच्या पर्सिमनच्या झाडाची पानं वाऱ्यानं समोरच्यांच्या दारात जायची. समोरचे गुपचूप झाडताना दिसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंडियन लोक घाण करतात, हे ऐकायला लागू नये म्हणून मी आठ वर्षं दह्याच्या डब्याचं लेबलसुद्धा सोलून वेगळं टाकतेय. नवरा म्हणतो, तुला कचऱ्यात पीएचडी मिळेल.

म्हटलं, वरवरची पानं तेवढी काढू. कासवं काय, मातीत खोल असतील.

तिसरी पिशवी बांधताना हाताला काहीतरी गोल, कडक लागलं.
दगड.
जळणाऱ्या कचऱ्यात दगड चालत नाही. मी गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी आली.
आठ वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, जाऊ दे, एक दगड तर आहे.

पळत जाऊन पिशवी ठेवली. त्या माणसानं ती उचलून गाडीत टाकली.
मी वाकून त्याला थँक्यू म्हणाले.

एप्रिलमध्ये थोरली वर आली. पाठीवर माती.
ईरानं जपानीत विचारलं, "आई, दुसरी कुठेय?"
"झोपली असेल गं."

मे उजाडला तरी नाही. मग एका सकाळी मी हातांनीच सगळी माती उकरली. उकरता उकरता तो गोल, कडक स्पर्श हाताला आठवला.
तिथेच मातीत बसले.

दर रविवारी मोरिता-सान विचारायच्या, "दाकुती उठली?"
"उठेल. उशिरा उठतात काही काही."
शेवटी त्या म्हणाल्या, "मला फोटो दाखवा. दोघींचे."

मी थोरलीचेच दोन फोटो काढले. एक डावीकडून, एक मागून. "ही थोरली, आणि ही बघा तुमची दाकुती."

त्यांनी फोन जवळ घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला.
थोरलीच्या कवचाला मागच्या कडेला टवका उडालाय. त्यावर बोट ठेवलं.
दुसरा फोटो. तोच टवका. तिथेही बोट ठेवलं.
माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

मग फोन परत देत म्हणाल्या, "दोघी छान दिसतायत."
आणि जरा वेळानं, "यंदा थंडी फार होती ना."

यंदा थंडी नव्हती.
मी म्हणाले, "हो, फार."

बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडेना. मी घराची किल्ली लावत होते.
पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आज सकाळी भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी सांगायची, शेजारची इंडियन मुलगी फार जपते कासवांना."

प्लीज, खाली 'तुझी काय चूक' असं लिहू नका. माझीच चूक. आधी गल्लीत माझी अब्रू मोठी झाली, मग त्यांच्यासमोर.

मोरिता-सान, दाकुती उठली नाही. मी तिला कचऱ्यात दिली.
हे मी मराठीत लिहितेय. म्हणजे तुम्हाला अजूनही सांगितलेलं नाहीच.

थोरली आत्ता कुंपणाच्या फटीत तोंड घालून तुमच्या अंगणाकडे बघत बसलीय. स्ट्रॉबेरी ठेवली तरी इकडे वळत नाही.

यंदा पानांना हात लावणार नाही.
तुम्हाला शेवटचा नमस्कार. जमलं तर माफ करा.