गोल मीटरची गाडी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही मनातून जात नाही ती एका जुन्या मोटारीची तक्रार. आठवली की स्वतःचीच चीड येते.

तेव्हा मी नाशिकमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक निवृत्त शिक्षिका मुलाला घेऊन आल्या. यजमानांनी आयुष्यभर जपलेली मोटार, ते गेल्यावर त्यांनी अंबडच्या एका मिस्त्रीकडे रंगाला दिली होती. परत आली तेव्हा आतलं सामान बदललेलं होतं.

"ह्यांच्या गाडीचा मीटर गोल होता," बाई म्हणाल्या. "हा चौकोनी आहे. सीटही आमच्या नाहीत."

मुलगा एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने मला समजावलं, "सर, मॉडेल तेच, पण हा डॅशबोर्ड नंतरच्या वर्षांचा आहे. सुरुवातीच्या वर्षांचं मूळ सामान शौकीन लोक शोधत असतात. मिस्त्रीनेच काढून विकलं असणार."

मला ते पटलं. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला आणि मिस्त्रीला बोलावून घेतलं. अटक न दाखवता, चौकशीच्या नावाखाली दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. येणारे-जाणारे बघत होते. त्यात त्याची गिऱ्हाइकंही होती. आमच्या हवालदाराने हातही उचलला. मी थांबवलं नाही.

"सामान कुठे गेलं?"

"मी चोरी नाय केली साहेब." याउपर तो काही बोलेना.

तिसऱ्या दिवशी एका खबऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातली एक मोटार, आत तोच गोल मीटर. आम्ही तिच्या मालकाला गाठलं. त्याने खरेदीची चिठ्ठी काढून दिली. खाली बाईंच्या मुलाची सही होती. चिठ्ठी पुढे ठेवल्यावर मुलाने कबूल केलं. नंतरच्या वर्षांचं सामान त्यानेच मिस्त्रीला आणून दिलं होतं आणि 'आईला मी सांगतो' म्हणाला होता.

मी मिस्त्रीला विचारलं, "मार खाल्लास, पण बोलला का नाहीस?"

"बाईंनी मला चौथीपर्यंत शिकवलंय. हे त्यांना माझ्या तोंडून कळायला नको होतं."

ते त्यांना माझ्या तोंडून कळलं. बाईंनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्रीला किती दिवस बसवलं, एवढंच त्यांनी मला विचारलं. पुढे त्यांनी मुलावरचा खटला चालू दिला नाही. कोर्टात तडजोड झाली. सामान परत मिळालं, पण त्यांनी ते गाडीत बसवून घेतलं नाही.

कागदोपत्री तपास चोख होता. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाला मी एकही उलटा प्रश्न विचारला नव्हता आणि तेलकट हातांच्या माणसाचं एकही उत्तर खरं मानलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही मी माणसं कपड्यांवरून ओळखत होतो, हे मला या प्रकरणात कळलं.

पोलिसांनी नेलेल्या माणसाकडे कोण गाडी देणार? मिस्त्रीने गॅरेज बंद केलं आणि तो सायखेड्याला भावाकडे गेला. निवृत्तीनंतर मी त्याला शोधत गेलो. अंगणात तो फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. मला पाहताच हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला.

"परत ठाण्यात यायचंय का साहेब?"

"नाही रे, सहज भेटायला आलो. बस," मी म्हणालो.

मी निघेपर्यंत तो उभाच होता.