दुधातल्या दशम्या

तव्यावर दशमी खरपूस होऊ लागली, की पिंपरीत कारखाने नुकते येत होते तेव्हाची आमची खोली आठवते. रविवारी पॅसेंजरने मळवलीला उतरायचं, चालत जाऊन कार्ल्याची लेणी बघायची आणि संध्याकाळी घरी, एवढाच बेत. प्रवासात टिकाव्यात म्हणून आईने दशम्यांचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं होतं. आम्ही चपला घालतोय तोच कारखान्याचा शिपाई दारात. "बॉयलर बंद पडलाय, लगेच बोलावलंय." वडील म्हणाले, "पुढच्या रविवारी नक्की." आईने दशम्या त्यांच्याच डब्यात भरल्या. पुढच्या शनिवारी वडिलांनी पुन्हा गाडीची वेळ सांगितली. आई "हो" म्हणाली आणि रोजच्यासारखं पाणी घालून पीठ मळू लागली. आज सून दुधातल्या दशम्या भाजतेय. मुलगा म्हणतो, "बाबा, उद्या कार्ल्याला जाऊ." मीही नुसतं "हो" म्हटलंय.