बांधावरचं पांढरं फडकं

धुळ्याच्या बाजारात घोंगड्या विकणाऱ्या एका ठेलाऱ्यानं मला ओळखलं आणि जवळ येऊन म्हणाला, "नाना ग्यात, भाऊ." पंधरा दिवस होऊन गेले होते म्हणे. खोटं कशाला सांगू, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुःख मागाहून आलं, घरी पोचल्यावर... आणि मग ते हटेना.

धोंडूनानाही ठेलारी, म्हणजे आमच्याकडचे फिरते मेंढपाळ. दर उन्हाळ्यात त्यांचा कळप खतासाठी आमच्या वावरात बसायचा. हातात काठी, तोंडात शिवी, आणि आजारी कोकरू मात्र स्वतःच्या घोंगडीत. मला लिहिता-वाचता येतं याचं त्यांना भारी कौतुक. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाच्या एका उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्यांना देवी आल्या. तोंडावर फोड, डोळे चिकटलेले, कोकरं तर पटापट गेली. नानांनी मेलेली जनावरं खोल पुरली, उरलेला कळप वाटा आणि विहिरी टाळत डोंगराकडे वळवला. जाताना बांधावर बांबू रोवून त्याला पांढरं फडकं बांधलं. ही त्यांच्या लोकांची खूण. ती दिसली की दुसरा कळप बाहेरूनच परततो. मला म्हणाले, "भाऊ, पानी पडस नही तवलोंग हाई फडकं हालाडू नको."

पण पाऊस पडायला अजून अवकाश होता आणि माझं निम्मं वावर खताविना राहिलं होतं. आठवड्यानं नानांचा जावई भिका कळप घेऊन येणार असं कळलं, आणि मी भर दुपारी ते फडकं बांबूवरून ओढून काढलं. जमीन तापलेली आहे, एवढ्या उन्हात रोग कसला टिकतो, अशी मीच माझी समजूत घातली. शहाणा ना मी! भिकानं विचारलंसुद्धा, "दादा, आठे रोग-बिग नही ना?" मी नाही म्हणालो.

दोन आठवड्यांत त्याच्या मेंढ्या तापल्या, मग फोड आले. निम्म्याहून जास्त कळप गेला. सरकारी ढोरडॉक्टर आले, खपल्या मातीत कितीतरी दिवस जिवंत राहतात म्हणाले. ठेलाऱ्यांची पंचायत बसली आणि वावराचा मालक म्हणून मलाही बोलावलं. मालकाला मेंढ्यांच्या रोगातलं काय कळतं म्हणून भिकाला दिलेल्या उत्तराबद्दल मला कुणी टोकलं नाही. पंचांनी नानांना विचारलं, फडकं का बांधलं नाही? नानांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या वहाणांकडे पाहत राहिलो.

"फडकं बांधानं राही गयं," नाना म्हणाले. "चुकी मन्हीच शे."

त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी कुणी कळप बसवेना. बापानं रोग लपवून आपलं घर बुडवलं म्हणून भागी, त्यांची लेक, माहेरी यायची बंद झाली. नाना मात्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माझ्याच वावरात आले. दरवर्षी आले. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. गेल्या वर्षी निघताना तेवढं म्हणाले, "ते फडकं जपी ठेव, भाऊ. लागी कधी."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं...

फडकं गोठ्याच्या कोनाड्यात आहे. काल काढून पाहिलं. मी ते ओढून काढलं होतं, सोडलं नव्हतं, त्यामुळे नानांनी मारलेली गाठ अजून तशीच आहे. बापाच्या हातची गाठ लेक ओळखेलच; भागीच्या हातात ती ठेवली तर तिला एका शब्दानंही काही सांगावं लागणार नाही. तिचं गाव इथून दोन कोसांवर आहे. पण मी इथं बसून लिहितो आहे, कारण भागीला वाचता येत नाही.