लेखनिक हवी, शिक्षण कमी असलेली

आमच्या सोसायटीचा फळा मी लिहिते. "उद्या पाणी येणार नाही", "गच्चीत पापड वाळत घालू नयेत", असलं सगळं. अक्षर चांगलं, एवढंच काय ते माझं सर्टिफिकेट. बाकी मी दहावी पास, डोंबिवलीत संसार, घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. तोंड फटकळ आहे, ते मला माहीत आहे. सेक्रेटरी मला सरळ सांगतो, "काकू, तुम्ही फक्त लिहा, मीटिंगला येऊ नका."

ते फळ्यावरचं अक्षर बघून एक बाई माझ्या दारात आल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये पाळणाघर आहे, तिथे त्या कामाला असतात. येता-जाता हसण्यापुरती ओळख. म्हणाल्या, "ताई, माझ्या मुलीला परीक्षेत लिहायला कोणीतरी पाहिजे. तिला दिसत नाही." मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. ती उत्तरं सांगणार, शेजारी बसून मी लिहायची.

"अहो, मी दहावी," मी म्हटलं. "मला काय कळणार त्यातलं?"

"तेच तर पाहिजे ना. लेखनिकाचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमीच लागतं. नियमच आहे तसा."

घ्या! आयुष्यात पहिल्यांदा कमी शिकल्याचा कोणालातरी उपयोग होत होता. हसावं की रडावं, कळेना. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. मुलीचे बाकी सगळे पेपर सुटलेले, हा एकच राहिलेला. आधीच्या वेळी जी लेखनिक मिळाली, तिने लांबलचक उत्तरं कंटाळून आखूड केली आणि जमेल तसं स्वतःच्या मनाचं लिहिलं. मुलीला ते कळायला मार्ग नव्हता, कळलं ते नापास झाल्यावर उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तेव्हा. हा पेपर सुटला तर एम. ए.ला प्रवेश, नाहीतर आणखी एक वर्ष घरात. "आणखी एक वर्ष घरात बसली तर ती खचेल हो," त्या म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

सरावासाठी मी त्यांच्या घरी जायला लागले. कोपरला, चाळीत एक खोली आणि पोटमाळा. पहिल्या दिवशी गेले तर मुलगी फोन कानाला लावून बसलेली. त्यातून जो आवाज येत होता तो इतक्या वेगात की मला वाटलं फोन बिघडलाय, नुसतं किरकिरकिरकिर. "नोट्स ऐकतेय, काकू," ती म्हणाली. मला एक शब्द कळत नव्हता आणि तिचं अख्खं पान ऐकून झालेलं. मी चक्क तोंड उघडं ठेवून बघत राहिले. तिला दिसत नाही म्हणून बरं.

भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, खाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. आमच्याकडे जातबित कोणी मानत नाही, असं मी आजवर सगळ्यांना ठणकावून सांगत आलेय. पण तिच्या आईने चहाचा कप पुढे केला आणि माझ्या डोक्यात चटकन आलं, की अशा घरात बसून चहा प्यायची ही माझी पहिलीच वेळ. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिली. न मानणाऱ्या बाईच्या हे लक्षात तरी कशाला यावं? माझी मलाच लाज वाटली. चहा प्यायले, आलं घातलेला होता, छान होता.

तेवढ्यात तिचे वडील आले. वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतात, पहिली पाळी संपवून आलेले. हातपाय धुतले, परात ओढली आणि भाकऱ्या थापायला बसले. मी उठायला लागले तर त्यांची बायको म्हणाली, "बसा ओ ताई, स्वयंपाक त्यांचाच असतो. एरवी मला यायला उशीर होतो ना." माझ्या नवऱ्याला चहाची पावडर कुठल्या डब्यात असते ते अजून माहीत नाही. त्या माणसाच्या भाकऱ्या माझ्यापेक्षा गोल होत होत्या.

मुलीने मला पहिल्याच दिवशी नियम घालून दिले. वय एकवीस, आवाज बारीक, पण सांगणं एकदम हेडबाईंसारखं. "काकू, मी बोलेन तेच लिहायचं. चुकीचं बोलले तर चुकीचंच. मध्ये थांबायचं नाही, पेन थांबलं की मला ऐकू येतं. आणि भांडायचं नाही." शेवटचं का सांगितलं, तर आईने माझी कीर्ती आधीच कानावर घातलेली.

भांडले तरी मी. तिने उत्तर सांगायला सुरुवात केली, "कुटुंब ही जशी प्रेमाची जागा असते तशीच ती विषमतेचीही जागा असते," आणि मी पेन खाली ठेवलं. "असं कसं? घरात कसली आलीय विषमता?" ती हसली. "परीक्षेत असं केलंत तर मी गेले, काकू." मी गपचूप लिहिलं. पण रात्रभर ते वाक्य डोक्यात घुमत होतं.

पुढे पुढे मीच तिच्या नोट्स मोठ्याने वाचून दाखवायला लागले, कारण काही कागद फोनला वाचता यायचे नाहीत. काय सांगू, मला वेड लागायची वेळ आली. संयुक्त कुटुंब, विभक्त कुटुंब, एकपालक कुटुंब! घरात जे घडतं त्याला नावं आहेत, त्यावर माणसांनी वर्षानुवर्षं विचार केलाय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ती म्हणायची, "तुमच्या मजल्यावर कोण कोण राहतं ते सांगा." मी म्हटलं, सगळी आपली साधी, सारखी घरं. मग सांगत गेले. समोर दोघी बहिणी, लग्न न केलेल्या, म्हाताऱ्या वडिलांना सांभाळणाऱ्या. शेजारी नवरा आखातात, तीन वर्षांतून एकदा येतो. कोपऱ्यातल्या घरात आजोबा आणि नातू, मधली पिढीच नाही. आणि आम्ही. चार दारं, चारही वेगळी. वीस वर्षं त्याच जिन्याने भाजी घेऊन चढतेय आणि मला ती चारही सारखी वाटत होती.

आणि ती मुलगी! प्रश्न सांगितला की डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायची. एकेका पेरावर एकेक मुद्दा ठेवायची म्हणे, आणि मग बोलायला लागली की चार पानं एका दमात. मध्ये कुकरची शिट्टी झाली, शेजारी भांडण झालं, तरी पुन्हा नेमकी त्याच पेरावर. मला बाजारात चार वस्तू आणायच्या तर चिठ्ठी लागते.

परीक्षेच्या चार दिवस आधी तिने सहज विचारलं, "काकू, तुम्ही पुढे का नाही शिकलात?"

याचं उत्तर मला पाठ आहे. "परिस्थिती नव्हती गं. बाबा कंपनीत कामगार, ठाण्यात दहा बाय बाराची खोली. दहावीला मला एकाहत्तर टक्के पडलेले, पण परिस्थितीच नव्हती."

"आणि तुमचा भाऊ?"

"तो इंजिनिअर झाला."

"तो तुमच्याहून किती लहान?"

"दोन वर्षांनी."

ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षांत परिस्थिती सुधारली?"

तळपायाची आग मस्तकात गेली. माझे बाबा देवमाणूस. दोन पाळ्या करायचे आमच्यासाठी. आणि ही कालची पोरगी मला त्यांच्याबद्दल विचारतेय! "तुला काय माहीत त्या वेळचं?" मी म्हटलं, आणि पिशवी उचलून निघाले. ती म्हणाली, "चुकलं माझं, काकू." पण घरी येईपर्यंत माझा हिशोब करून झाला होता. बाबा त्याच कंपनीत होते. पगार तोच होता. खोली तीच होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, दोघींनीही तो विषय काढला नाही.

परीक्षेचं केंद्र कल्याणच्या एका कॉलेजात होतं. आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली, एक पर्यवेक्षक बाई, आम्ही दोघी. तिला इतरांपेक्षा वेळ जास्त मिळतो, पण सांगून लिहिण्यात तो कुठे जातो कळत नाही. पहिले तीन प्रश्न झरझर गेले. चौथा मी वाचला: "कुटुंबातील स्त्री-पुरुष विषमता उदाहरणासह स्पष्ट करा."

तिचा अंगठा पेरांवरून फिरला. एका पेरावर थोडा थांबला. मग ती बोलायला लागली, तिच्या त्या परीक्षेच्या भाषेत. "ठाणे शहरातील एका कामगार कुटुंबातील मुलीने दहावीत एकाहत्तर टक्के गुण मिळवले."

माझं पेन थांबलं.

"लिहा, काकू. वेळ जातोय."

मी लिहिलं. "मुलगी असल्यामुळे तिचे शिक्षण थांबवण्यात आले," ती म्हणाली. हात पुढे सरकेना. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तपासणारा कोण कुठला, त्याच्यासमोर मी त्यांना आरोपीसारखं कसं उभं करू? मी लिहिलं, "परिस्थितीमुळे तिचे शिक्षण थांबवण्यात आले." तिला काय दिसणार होतं? ती पुढे बोलत राहिली, मी पुढे लिहीत राहिले, पण कानात शब्द शिरत नव्हते. हात आपला चालत होता.

शेवटची पंधरा मिनिटं वाचून दाखवायला ठेवलेली. चौथ्या उत्तरापाशी आले. ते वाक्य आलं. आणि मी, सगळ्यांना तोंडावर खरं सुनावणारी बाई, कागदावर होतं ते वाचलंच नाही. तिने सांगितलेलं वाचलं. "मुलगी असल्यामुळे."

"हं, पुढे," ती म्हणाली. तिने विश्वास ठेवला.

मी पुढचं वाचलं. "दोन वर्षांनी त्याच कुटुंबाने, त्याच उत्पन्नात, मुलाला अभियांत्रिकीचे शिक्षण दिले." आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. माझा तो एक शब्द तिथे असेल तर पुढच्या वाक्याला अर्थच उरत नव्हता. उदाहरण पार कोसळत होतं. तिचं मागचं वर्ष जसं गेलं तसंच मी हेही घालवायला बसले होते, आणि वर तिला खोटं वाचून दाखवलं होतं.

"थांब," मी म्हटलं. "मी वेगळं लिहिलंय. परिस्थितीमुळे, असं लिहिलंय."

पर्यवेक्षक बाईंनी मान वर केली. मुलीचा चेहरा एकदम पांढरा पडला. मला वाटलं आता ही ओरडेल, रडेल, आणि ते योग्यच होतं. तिने विचारलं, "मॅडम, किती वेळ आहे?"

"सात मिनिटं."

"काकू, एक रेघ मारा. वर नीट लिहा. आणि आता कागदावर आहे तेच वाचा."

मी रेघ मारली आणि लिहिलं, मुलगी असल्यामुळे. अक्षर चांगलं आलं. तीस वर्षांत मी हे कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. बाबांचा राग आला, पहिल्यांदा आला, आणि माया होती तीही तेवढीच राहिली. दोन्ही एकदम होऊ शकतं, हेही मला तिथेच कळलं.

मग पुन्हा वाचायला लागले. उत्तराचं शेवटचं वाक्य माझ्याच हातचं, पण लिहिताना ऐकलंच नव्हतं ते आता वाचलं. "सदर स्त्री आज अठ्ठेचाळीस वर्षांची असून, पुढे शिकायचे आहे का, असे तिला अजून कोणीही विचारलेले नाही."

ते वाक्य मी पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचलं. पर्यवेक्षक बाई खिडकीकडे बघायला लागल्या. बेल झाली, पेपर गेला. तो सुटला हे दोन महिन्यांनी कळलं, मुलगी आता एम. ए. करतेय. पण त्या दिवशी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती तिच्याकडे बघत होते. जिचं वर्ष मी पाण्यात घालायला निघाले होते, तिने त्याच उत्तरात मला जागा करून ठेवली होती.

कॉरिडॉरमध्ये तिने माझा दंड धरला. "माफ कर गं," मी म्हटलं.

"ते राहू दे, काकू. मी विचारते आता. पुढे शिकायचंय का तुम्हाला?"

एरवी माझ्या जिभेवर उत्तर तयार असतं. त्या वेळी "हो" म्हटलं ते इतकं हळू, की माझं मलाच ऐकू आलं नाही. तिला आलं.