पाठीवरचा पत्रा
ग्राइंडरखाली तापलेल्या लोखंडाचा वास आला की नांदेडच्या कॉलेजचं वर्कशॉप आठवतं. आमचा लढाऊ रोबो इथली स्पर्धा जिंकला होता, पण परदेशातल्या स्पर्धेच्या नियमात वजनाची मर्यादा आपल्यापेक्षा कमी निघाली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. "वजन कमी करायला रोबोचं फिरतं पातं काढलं, तर लढायचं कशानं?" मी विचारलं. रोबो चालवणारी मैत्रीण म्हणाली, "पातं राहू दे, पाठीवरचा पत्रा काप. मी आपल्या रोबोला पाठ फिरवूच देत न्हाई." ठिणग्या उडवत पत्रा कापला आणि रोबो भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवला. वजन मर्यादेत बसलं, तशा आम्ही दोघी भर बाजारात नाचलो. तिकडे पहिल्याच लढतीत तिनं समोरून धडक देत पात्यानं समोरचा रोबो उलथून पाडला. आज मी मुलांना रोबो बनवायला शिकवते, आणि पत्रा कापायची वेळ आली की रिमोटवरचे तिचे स्थिर अंगठे आठवून ग्राइंडर सुरू करते.